७१,३०० किलोमीटरची ‘फॅमिली यूज’ गाडी

आधीच सांगतो, ‘एवढा शिकलेला माणूस आणि असा कसा फसला’ हे वाक्य मला घरी, ऑफिसात आणि सासुरवाडीत ऐकवून झालंय. तुम्ही नका ऐकवू. ३,९०,००० ची जुनी गाडी घेतली, त्यावर दुरुस्तीचे ९६,२००, नावावर करायला एजंटला १२,५०० आणि विम्याचे ९,८००. एकूण ५,०८,५००. आणि आज ती विकायला काढली तर १,९०,००० च्या पुढे कोणी बोलत नाही.

मी राहतो नाशिकरोडला, जेलरोडवर. दोन वर्षांपूर्वी बदली संगमनेरला झाली. जाऊन-येऊन १३० किलोमीटर. मुलगी दहावीला, आई आजारी, त्यामुळे बिऱ्हाड हलवायचा प्रश्नच नव्हता. एसटीने वर्षभर केलं. सकाळी जाताना ठीक, पण संध्याकाळी पुण्याहून येणारी गाडी संगमनेरला भरूनच येते. सिन्नरपर्यंत उभं राहायचं, तेही पाठीवर बॅग आणि गुडघ्यात कळ घेऊन. शेवटी गाडी घ्यायचं ठरलं.

आता कोणती, हा खरा मजेचा भाग, आणि तिथेच मी घसरलो. नवी छोटी पेट्रोल गाडी घ्या, असं सगळे म्हणत होते. पण रोज तीन-साडेतीन तास ज्या सीटवर काढायचे, ती गाडी चालवताना थोडी मजा नको? मोहदरी घाटात ट्रक ओलांडताना जीव मुठीत धरायचा नव्हता. सीएनजीची डिकी आणि रांगा दोन्ही नको होत्या. हिशोब वहीत मांडला होता: महिन्याचे २४ दिवस, ३,१२० किलोमीटर, वीसचं मायलेज, १५६ लिटर डिझेल, नव्वदच्या भावाने १४,०४०. मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं. फोक्सवॅगन पोलोचं डिझेल त्याच सुमारास गेलं, २०२२ मध्ये पोलोच गेली. म्हणजे माझ्या पसंतीची छोटी डिझेल गाडी हवी तर जुनीच बघावी लागते. पोलो जीटी टीडीआयचे भाव ऐकून गप्प बसलो. मग फोर्ड फिगो, १.५ डिझेल. १०० पीएस ताकद, २१५ एनएम टॉर्क, आणि आकार एवढा की आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका दमात बसते. कंपनीने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं म्हणून लोक हिला घाबरतात, त्यामुळे स्वस्त मिळते. हे मला फार हुशारीचं वाटलं होतं. गाडीची निवड चुकली नाही, हे मी आजही म्हणेन. बायको यावर काहीच बोलत नाही. ते बोलण्यापेक्षा वाईट.

कार बाजाराचं नाव लिहीत नाही, वकिलांनी मना केलंय. मुंबई-आग्रा रोडवर आहे एवढंच. २०१६ चं मॉडेल, एमएच २० पासिंग, पांढरी. मीटरवर ७१,३००. “सर, फॅमिली यूज. डॉक्टरांची गाडी. शनिवार-रविवारच निघायची.” मागितले ४,२५,०००, ठरले ३,९०,०००.

हे असे डॉक्टर प्रत्येक कार बाजारात असतात आणि फक्त शनिवार-रविवारीच फिरतात, हे मला माहीत नव्हतं का? होतं. तुम्हालाही आहे. मीटर मागे करतात हेही शेंबड्या पोराला ठाऊक आहे. लॅपटॉप जोडायचा, आकडा टाकायचा, संपलं. तरीही.

आता तो क्षण. रोज रात्री झोपताना मला तोच दिसतो.

टेस्ट ड्राइव्हला त्यांचा एक पोरगा शेजारी बसला होता, विशीतला, तोंडात मावा. मी म्हटलं, पीयूसी बघू. त्याने डॅशबोर्डचा कप्पा उघडला, तर आतून घडी घातलेला एक गुलाबी कागद माझ्या पायाशी पडला. मी वाकून उचलला. छापील पावती होती, वर चाकाचं चित्र, खाली पेनाने भरलेले रकाने. मी उलगडणार, एवढ्यात त्याने अगदी अदबीने तो माझ्या बोटांतून काढून घेतला, “काही नाही दादा, जुना कचरा,” म्हणाला आणि शर्टाच्या खिशात टाकला. कचरा खिशात टाकतो का कोणी? तोच पोरगा दोन मिनिटांपूर्वी माव्याची पुडी खिडकीतून बाहेर फेकत होता! मी हसलो. हसलो हो मी. “आता जरा तिसऱ्यावर ओढून बघा,” तो म्हणाला, मी ओढली, टर्बो भरला, पाठ सीटला टेकली आणि माझी अक्कल तिथेच रस्त्यावर राहिली.

ब्रेकच्या पेडलचं रबर डाव्या कडेला झिजून गुळगुळीत झालं होतं. दिसलं. स्टिअरिंग वरच्या बाजूला चकचकीत होतं. दिसलं. चारही टायर कोरे होते, त्याला मी ‘बोनस’ समजलो. ७१ हजारांत दुसरा जोड अर्धासुद्धा झिजायला नको, मग हे कोरे कशाला, हे विचारलं नाही. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते बघत चला. माझ्या टायरवर ४८२४ होतं, म्हणजे २०२४ अखेरचे. गाडी मी घेतली फेब्रुवारी २०२५ मध्ये. विकण्यासाठीच घातलेले.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ज्यासाठी मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. नऊ वर्षांत ७१,३०० म्हणजे वर्षाला आठ हजारही नाहीत, दिवसाला २२ किलोमीटर. रोज २२ किलोमीटर फिरायला कोण शहाणा जास्तीचे पैसे मोजून डिझेल घेतो? मी स्वतः वहीत रकाने आखून ठरवलं की १३० किलोमीटर रोज आहे म्हणून डिझेल परवडतं. माझ्याआधीच्या माणसानेही हाच हिशोब केला असणार, हे डोक्यात आलं नाही. जी गाडी लांबच्या फेऱ्यांसाठी चांगली, ती लांबच्या फेऱ्या करूनच बाजारात येते.

मिस्त्री का नेला नाही? नेणार होतो. आमचे ओळखीचे एक मामा आहेत, चाळीस वर्षं गॅरेज चालवतायत. ते त्या दिवशी गावी लग्नाला गेले होते. कार बाजारवाला म्हणाला, “सर, संध्याकाळी मालेगावची पार्टी येतेय, टोकन टाकून ठेवा.” टाकलं. २५,००० यूपीआयने. टोकन दिल्यावर मामांना दाखवायला काय अर्थ, असं वाटलं. पैसे देण्याआधी मिस्त्री, तो गावी असेल तर तो परत येईपर्यंत थांबा. मालेगावची पार्टी कधीच येत नसते.

पुढे २,६५,००० आरटीजीएसने, तेही दुकानाच्या नाही, भलत्याच कोणाच्या नावाच्या खात्यात. आणि १,००,००० रोख. रोख का दिले म्हणून वकिलांनी असं बघितलं माझ्याकडे! “टॅक्सचं थोडं ॲडजस्ट करू सर.” सगळेच देतात, मीही दिले. आता कागदावर गाडी २,९०,००० ची आहे आणि तो लाख गंगेत गेला. रोख एक रुपया देऊ नका.

पहिल्या महिन्यातच घाटात गाडी काळा धूर सोडायला लागली. इंजेक्टर, २६,०००. मग क्लच, २१,४००. मामांनी गाडी लिफ्टवर घेतली, खालून बघितलं, दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “किती चाललीय म्हणालास?” मी म्हटलं, एकाहत्तर. “बरं,” म्हणाले आणि हात पुसायला लागले. सस्पेन्शन १४,३००. एप्रिलमध्ये टर्बो, ३४,५००.

मे महिन्यात नांदूर शिंगोट्याच्या अलीकडे पंक्चर झाली. स्टेपनी काढली, तर तिच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत तोच गुलाबी कागद. म्हणजे तसलाच, दुसऱ्या तारखेचा. व्हील अलाइनमेंटची पावती. गाडी नंबर माझाच. किलोमीटरच्या रकान्यात निळ्या पेनाने १,८७,४२०. खाली मालकाचा मोबाइल नंबर. मी रस्त्याच्या कडेला जॅकशेजारी मांडी घालून बसलो. जाणारे ट्रकवाले हॉर्न मारून हसत होते, त्यांना वाटलं पंक्चरमुळे रडतोय.

फोन लावला. माणूस सज्जन निघाला. डॉक्टर नव्हे, औषध कंपनीचा प्रतिनिधी. जालना, बीड, परभणी असं आठ वर्षं फिरला. “अहो साहेब, मी तर एक लाख चौऱ्याण्णव हजारांवर दिली ती. २,२०,००० ला.” लिहून द्याल का म्हटलं, तर आवाज बदलला. “कोर्टकचेरीत मला ओढू नका. मी कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊन मोकळा झालो.” गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०, दोन्ही कोरे. त्यामुळे माझ्या आरसीवर गाडी थेट त्याच्याकडून माझ्याकडे आली. मधला माणूस कागदावर कुठेच नाही!

दुकानात गेलो. चहा मागवला त्याने. मग मला दिलेली डिलिव्हरी नोट काढून मागच्या बाजूला बोट ठेवलं. बारीक अक्षरात: ‘गाडी आहे त्या स्थितीत विकली. मीटर रीडिंगची जबाबदारी विक्रेत्याची नाही.’ खाली माझी सही. “सर, आम्ही फक्त मध्यस्थ. समोरून आली तशी दिली.” मावावाला पोरगा बाहेर दुसरी गाडी पुसत होता. त्याने मला नमस्कार केला.

पोलिस ठाण्यात तीन चकरा. पहिल्यांदा साहेब कुंभमेळ्याच्या बैठकीला. दुसऱ्यांदा साहेब होते. सगळं ऐकलं, पावती उलटसुलट केली आणि म्हणाले, “हे सिव्हिल मॅटर आहे.” मी म्हटलं, खोटा आकडा दाखवून पैसे घेतले, ही चारशे वीस नाही का? तर हसून म्हणाले, “चारशे वीस गेलं आता. जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात तीनशे अठरा.” कलमाचा नंबर दुरुस्त करून दिला, गुन्हा काही नोंदवला नाही. वर “तुम्ही सुशिक्षित लोक बघून घेत नाही आणि मग आमच्याकडे येता.” तिसऱ्यांदा साधा अर्ज घेतला आणि झेरॉक्सवर शिक्का मारला. तो शिक्काही दोनदा मागावा लागला. पोहोच घेतल्याशिवाय कुठल्याही सरकारी टेबलावरून उठू नका.

मग वाहन खात्याच्या खिडकीवर. मला वाटलं, इथे तरी काहीतरी होईल, कारण नियम मी वाचून गेलो होतो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्याला परिवहन खात्याचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं. फॉर्म २९ अ भरून अर्ज, २९ ब मध्ये प्रमाणपत्र. गाडी दुकानदाराच्या ताब्यात गेली की २९ क मध्ये ऑनलाइन कळवायचं, आणि विकली जाईपर्यंत तोच मालक समजला जातो. एवढं असताना याच्या दुकानात हे प्रमाणपत्र आहे का, असं विचारलं. खिडकीतला माणूस म्हणाला, “लेखी द्या.” लेखी दिलं. “मीटरचं आमच्याकडे काही नसतं, आम्ही फक्त ट्रान्स्फर करतो.” मीटरचं विचारलंच नव्हतं, प्रमाणपत्राचं विचारलं होतं! “ते दुसऱ्या सेक्शनला.” दुसऱ्या सेक्शनचे साहेब दौऱ्यावर. चार महिने झाले, दौरा सुरूच असावा. आणि गंमत बघा, माझ्या गाडीवर आधीच्या मालकाचं ५०० रुपयांचं ई-चलान निघालं, त्याचा मेसेज मात्र मला अकरा मिनिटांत आला.

तेव्हा दुकानात पाय ठेवला की आधी ते प्रमाणपत्र मागा. भिंतीवर गणपती असतो, लिंबू-मिरची असते, प्रमाणपत्र नसतं. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर कर्ज, विमा, मालक कितवा हे दिसतं, किलोमीटर दिसत नाहीत. त्यासाठी मालकालाच सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जायचं आणि सर्व्हिसची नोंद काढायची. मालक ‘बाहेरगावी’ असेल तर गाडी सोडा. काही गाड्यांत मीटरखेरीज दुसऱ्या कंट्रोल युनिटमध्येही आकडा राहतो, स्कॅनरवर सापडतो. मामांकडे स्कॅनर आहे. मामा लग्नाला होते.

ग्राहक आयोगात तक्रार दाखल केलीय. मोबदला पाच लाखांच्या आत असला तर फी लागत नाही, एवढा एक दिलासा. दोन वर्षांच्या आत करावी लागते, ‘बघू बघू’ करत बसू नका. वकील म्हणतात केस चांगली आहे. तारखा पडतायत. पहिल्या तारखेला समोरचा आलाच नाही, दुसऱ्या वेळी त्याच्या वकिलाने मुदत मागितली.

दरम्यान संगमनेर सुटलेलं नाही, कधी हिने, कधी एसटीने, आणि खरं सांगू, मोहदरीत तिसऱ्यावर ती अजून तशीच ओढते. पण पुढचं काय निघेल या धास्तीने विकायला काढली. जाहिरातीत स्वच्छ लिहिलं: मीटरवर ८०,६००, प्रत्यक्षात दोन लाख तीन हजार. आठ दिवसांत एकच फोन आला, तोही एका एजंटाचा.

“दादा, मीटर काय दाखवतंय?”

ऐंशी, म्हटलं.

“मग ऐंशीच लिहा ना राव. कशाला गिऱ्हाईक घालवता?”