स्टडमधून पाणी झिरपतंय: पावडर, सीलंट की बुश?

फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-8 इंजिन आलं 1932 साली. इंजिनाची दोन झाकणं, म्हणजे हेड, ब्लॉकवर आवळून धरणारे आटेदार दांडे म्हणजे स्टड. सुरुवातीला एका हेडला 21 स्टड होते, 1938 पासून 24 झाले. यातल्या बहुतेक स्टडची भोकं थेट ब्लॉकच्या पाण्यात उघडतात. आटे सैल पडले की पाणी त्यांच्यातून वर चढतं आणि नटाच्या बुडाशी हिरवट-पांढरी खरपुडी धरते.

आधी नट कोरडे पुसून इंजिन गरम करा आणि टॉर्च मारून बघा. ओल नटाभोवती किंवा स्टडच्या टोकाशी दिसली तर पाणी आट्यांतून येतंय. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यातून ओघळ आला तर ते गॅस्केटचं (सांध्यातल्या पातळ पॅकिंगचं) दुखणं, त्याची वाट वेगळी.

रेडिएटरमध्ये लीक बंद करणारी पावडर टाकणं सर्वांत स्वस्त, पाव तासाचं काम. पण पावडरीला गळती कुठे आहे ते कळत नाही. पाण्याचा वेग मंदावतो तिथे ती बसते. या इंजिनात एक्झॉस्टच्या वाटा ब्लॉकच्या पाण्यातूनच जातात, त्यामुळे ते मुळात तापट. त्याच्या जुन्या रेडिएटरच्या नळ्या आपणच बुजवायच्या, हे मला पटत नाही. लांबच्या प्रवासात घर गाठण्यापुरतं एक पाकीट डिकीत असू द्या, बस.

माझा कौल स्टड काढून सीलंट लावण्याला. हेड काढावं लागत नाही. रेडिएटर आणि ब्लॉक दोन्हींतलं पाणी सोडा, दोन दिवस आधीपासून आट्यांना गंज सोडवणारं तेल पाजा. मग स्टडवर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळून खालच्या नटाला पाना लावा. ‘कट्’ असा आवाज होऊन स्टड सुटला तर उत्तम. पाना फिरतोय, पण स्टड स्प्रिंगसारखा पिळतोय असं हाताला लागलं तर तिथेच थांबा, पुन्हा तेल आणि ऊब द्या. स्टड आत तुटला की हेड काढण्यावाचून गत्यंतर नाही, आणि गंजलेल्या स्टडवर अॅल्युमिनियमचं हेड असं धरून बसतं की ते निघता निघत नाही.

खरं काम सफाईचं आहे. भोकातले आटे साफ करायला एका जुन्या स्टडला उभ्या दोन-तीन खाचा पाडल्या की भागतं. खाचांत ग्रीस भरलं की कचरा त्यातच अडकतो. मग थिनरचा बोळा पांढराशुभ्र बाहेर येईपर्यंत पुसत राहा. तेलकट आट्यांवर कुठलंच सीलंट धरत नाही. सीलंट कडक न होणारं घ्या, आट्यांना लावा आणि वॉशरखालीही थोडं लावा. प्लंबरची टेफ्लॉन टेप नको, तिचे तुकडे पाण्यात फिरतात. लाल थ्रेडलॉकर (आटे घट्ट धरून ठेवणारा गोंद) पाणी अडवतो, पण पुढे तो सोडवायला सुमारे 250 अंश सेल्सियसची आच द्यावी लागते. जुन्या बिडाच्या ब्लॉकवर ती वेळ आणू नका. एका वेळी एकच स्टड काढा. शेवटी सगळे नट मॅन्युअलमधल्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळा, अॅल्युमिनियमचं हेड असेल तर गार असतानाच. रात्रभर थांबून मग पाणी भरा.

भोकातले आटेच गेले असतील तर मात्र बुशला, म्हणजे भोक मोठं करून त्यात बसवायच्या आतून आटे असलेल्या नळीला, पर्याय नाही. इथे हेड काढावं लागतं आणि ड्रिल काटकोनात हवं, म्हणून काम चांगल्या मशीन शॉपमध्ये द्या. बुशऐवजी आट्यांसाठी बसवायचं तारेचं वेटोळं स्वस्त पडतं, पण त्याच्या वेढ्यांमधून पाण्याला आयती वाट मिळते. पाण्यात उघडणाऱ्या भोकात भरीव बुशच बसवा, बाहेरून सीलंट लावून. स्टडच्या भोकापासून चीर गेली असेल तर नुसत्या बुशने पाणी थांबणार नाही. आधी धातूच्या पिना ठोकून ती शिवून घ्यावी लागते.

दोन-तीनच स्टड गळत असतील तर तेवढेच करा. हेड दुसऱ्या कारणाने निघतच असेल, तर ती संधी सोडू नका, दोन्ही हेडचे सगळेच स्टड करून घ्या.