फॅनफिक आणि स्वतंत्र कथा एकाच खोलीत: नागपुरातली दोन रविवारांची कार्यशाळा

फी दोन हजार रुपये, दोन रविवार, सकाळी १० ते ५. जागा शंकरनगर चौकाच्या मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्याइतकी जवळ. हिंगण्याकडून येणाऱ्यांना थेट गाडी आहे. वर्धा रोडवाल्यांना सीताबर्डीला बदलावी लागते. विदर्भ साहित्य संघाची शंभरी २०२३ मध्ये झाली, पण नागपुरात कथालेखनाच्या शिबिरात ‘मी फॅनफिक लिहिते’ (म्हणजे दुसऱ्याच्या मालिकेतली किंवा पुस्तकातली पात्रं घेऊन आपली कथा) असं सांगितलं की अजूनही समोरचा ‘म्हणजे नक्कल?’ असंच विचारतो. या कार्यशाळेत तसं कोणी विचारत नाही.

पहिल्या रविवारची सकाळ ‘कथा म्हणजे काय’ यात जाते. ती बुडाली तरी चालेल. खरं काम दुपारी सुरू होतं, आणि त्यामागे एक हुशारी आहे: फॅनफिकवाले आणि स्वतंत्र कथावाले मुद्दाम जोडीने बसवतात. दोघांच्या चुका उलट्या असतात. फॅनफिकवाल्याला पात्रं आयती मिळालेली, वाचकाला ती आधीच माहीत; त्यामुळे पात्राची ओळख करून द्यायची सवयच नसते, पण भांडण, समेट, नजरानजर पक्की जमते. स्वतंत्र कथावाला नायकाचं गाव, शाळा, वडिलांची नोकरी यात तीन पानं घालवतो आणि पहिला संवाद चौथ्या पानावर येतो.

यावरचा सराव साधा आहे. फॅनफिकमधली सगळी नावं खोडायची, जागी क, ख, ग टाकायचे आणि मूळ मालिका न पाहिलेल्या जोडीदाराला वाचायला द्यायचं. दोन पानांनंतर जोडीदाराने प्रत्येक पात्राबद्दल एक ओळ लिहायची. ‘क रागीट आहे’ एवढंच हाती लागलं तर ते पात्र पानावर उतरलेलं नाही, फक्त लेखकाच्या डोक्यात आहे. स्वतंत्र कथेला उलटा उपाय: पहिली तीन पानं झाकायची आणि चौथ्यापासून वाचायचं. अडलं नाही तर ती पानं गेली.

सगळ्यात कसदार तास ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा. इंग्रजी मालिकेवर मराठीत लिहायचं तर सगळ्यांना एकच ‘यू’ असतं, आणि कोण कोणाला अरे-तुरे करतं हे लेखकालाच ठरवावं लागतं. कोरियन मालिकांत आदराच्या पायऱ्या मुळातच असतात, पण त्या उपशीर्षकांत गळून पडतात. लिहिण्याआधी तक्ता करून घेतात: आडव्या रांगेत पात्रं, उभ्या रांगेतही तीच, आणि प्रत्येक चौकोनात कोण कोणाला काय म्हणतं ते. तक्ता नसला की तिसऱ्या पानावरचं ‘तुम्ही’ सातव्या पानावर नकळत ‘तू’ होतं. पण हाच बदल जाणूनबुजून केला तर त्यातून कथेचं वळण तयार होतं. तासात घेतलेला एक उतारा असा होता:

‘तुम्ही जेवलात?’
‘नाही.’
ती थोडा वेळ दारातच उभी राहिली. ‘ये, बस. जेवून घे.’ त्यांच्यातलं अंतर आता मिटलं होतं.

शेवटचं वाक्य खोडलं गेलं. ‘बस’ आणि ‘जेवून घे’ यांनी ते काम आधीच केलं होतं. इंग्रजीत ही सोय नाही. मराठीत फॅनफिक लिहिण्याचा हा खरा फायदा आहे, आणि बहुतेक जण तो वाया घालवतात.

वऱ्हाडीबद्दलचा सल्लाही पटण्यासारखा. निवेदन प्रमाण भाषेत ठेवायचं. संवादात ‘काहून’, ‘बे’, ‘करून राह्यला’ असे मोजके शब्द ठेवायचे. प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग उच्चाराप्रमाणे मोडलं तर वाचक अडखळतो. एक गोष्ट मात्र सांगायला हवी होती, ती कोणी सांगितली नाही. गटात आलेल्या कथांमध्ये वऱ्हाडी बोलणारं पात्र नेमकं रिक्षावाला, मोलकरीण किंवा विनोदी काका होतं. नायिकेने वऱ्हाडीत प्रेम व्यक्त केलेली एकही कथा नव्हती.

दुसरा रविवार कथा-चर्चेचा, पैसे इथे वसूल होतात किंवा बुडतात. नियम असा: प्रत्येकाने १५०० शब्दांपर्यंतचा मजकूर बुधवारपर्यंत पाठवायचा, सगळ्यांनी वाचून यायचं, प्रत्येक कथेला २५ मिनिटं. पहिली १५ मिनिटं लेखकाने तोंड उघडायचं नाही. वाचकांनी आधी ‘मला काय कळलं’ ते सांगायचं, मग ‘कुठे अडलो’, आणि उपाय फक्त लेखकाने विचारला तरच. शांत बसणं जड जातं. पण लेखक स्पष्टीकरण देऊ लागला की वाचक ‘अच्छा, असं होय’ म्हणतात आणि कथेतली फट तशीच राहते.

या पद्धतीचं गणित आठ जणांचं आहे: २०० मिनिटं, म्हणजे साडेतीन तासांच्या आत. या तुकडीत चौदा जण घेतले होते. ३५० मिनिटं लागली असती. जेवण आणि चहा धरून पाचच्या आत ते बसवणं अवघड होतं. मग दुपारनंतरच्या कथांना १२ मिनिटं आली. त्यात ‘छान आहे, आवडलं’ यापुढे चर्चा जात नाही. आयोजकांचा हा दोष सरळ पैशाचा आहे.

फाइलींचा गोंधळही टाळता आला असता. दोघांनी कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पाठवला आणि फोनवर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ उघडली. युनिकोड हवं, ही एक ओळ सूचनेत लिहिली की झालं.

कायद्याचा तास अर्धवट आणि एका ठिकाणी चुकीचा. ‘पैसे घेत नसाल तर काही अडचण नाही’ हे सरसकट सांगू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फॅनफिकसाठी वेगळी सूट नाही. कलम ५२ मधली सवलत खासगी वापर, टीका, परीक्षण अशा ठरावीक कामांना आहे. पैसे न घेतल्याने आपली बाजू भक्कम होते, पण तो परवाना नव्हे. ‘पात्रं माझी नाहीत’ ही सुरुवातीची ओळ सौजन्य म्हणून ठीक, संरक्षण म्हणून नाही. साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.

इतकं जुनं महाभारत सगळ्यांचं, हे खरं. पण आपल्या डोक्यातला कर्ण बऱ्याचदा व्यासांचा नसतो, आधुनिक कादंबरीतला असतो, आणि त्या कादंबरीकाराने रचलेले प्रसंग मोकळे नाहीत. ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे द्रौपदीच्या तोंडचं वाक्यसुद्धा भांडारकर संस्थेच्या संशोधित आवृत्तीत नाही. लिहिण्याआधी प्रसंग मुळात कुठला ते तपासावं, हा मुद्दा तासात यायला हवा होता.

कुठे टाकायचं याची माहिती मात्र कामाची. आर्काइव्ह ऑफ अवर ओन या फॅनफिकच्या वेबसाइटवर खातं निमंत्रणाने मिळतं, त्यामुळे नाव आधीच नोंदवून ठेवायचं. तिथे कथेखाली देणगीची लिंक किंवा यूपीआय क्रमांक टाकता येत नाही. एका सहभागीची तीच योजना होती, ती वेळेवर बारगळली. प्रतिलिपी या कथांच्या अ‍ॅपवर भाग पाडून टाकायचं तर प्रत्येक भाग मधल्या प्रश्नावर तुटला पाहिजे, प्रसंग संपल्यावर नाही.

फॅनफिकचं स्वतंत्र कथेत रूपांतर करण्यावर जे एक पान दिलं, ते जपून ठेवावं असं आहे. नुसती नावं बदलणं म्हणजे चोरीच्या गाडीचा चेसिस नंबर घासणं. आधी मूळ मालिका माहीत असल्याशिवाय न कळणारी वाक्यं अधोरेखित करायची. मग ती खोडायची नाहीत, प्रत्येकाच्या जागी आपल्या कथेतलं कारण शोधायचं. दर पानाला पाच-सहापेक्षा जास्त निघाली तर ती फॅनफिक म्हणूनच राहू द्यावी.

फी भरण्याआधी तुकडीत किती जण आहेत ते विचारा. दहाच्या वर असतील तर पुढच्या तुकडीसाठी थांबा. एप्रिल-मे टाळा. हॉलमध्ये एसी नाही, दोन मोठे कूलर आहेत. ते चालू असताना तिसऱ्या रांगेत वाचलेलं ऐकू येत नाही, आणि बंद केले तर दहा मिनिटांत कथेपेक्षा घामच जास्त जाणवतो. म्हणून आपल्या कथेच्या छापील प्रती सोबत न्या, १४ च्या टाइपात, ओळींत दुप्पट अंतर ठेवून, आणि नाश्त्याच्या तर्री पोह्यांपासून जरा लांब ठेवा.