गणपती पेठेतला प्लॉटरचा कागद: स्वस्त आहे, पण वजन करून घ्या

सांगली, मिरज, कुपवाड भागात ज्यांच्याकडं २४ किंवा ३६ इंची प्लॉटर (रोलच्या रुंद कागदावर ड्रॉइंग काढणारा मोठा प्रिंटर) आहे आणि रोज बिल्डिंगचे प्लॅन, वायरिंगची ड्रॉइंगं, ब्लाउजचे फुल साईज पॅटर्न असलं रेषांचंच काम निघतं, त्यांनी ब्रँडेड रोलच्या मागं पळू नका. सांगलीच्या गणपती पेठेत कागदाचे होलसेलवाले आहेत, त्यांच्याकडं मॅपलिथोचं (छपाईच्या साध्या, बिनकोटिंगच्या कागदाचं) रीळ पाहिजे त्या रुंदीला कापून, गुंडाळून मिळतं. मी आता तिथूनच घेते. दुकानाचं नाव टाकत नाही कारण शेठनीच सांगितलंय, "ताई, नाव नका टाकू, एकेक रोल मागायला लोकं येतील आणि माझा धंदा रिमांचा (शीटच्या गठ्ठ्यांचा) आहे." पेठेत दोन-तीन ठिकाणी विचारलंत की सापडेल.

कागद ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅमचा. एकदम बारीक रेष पण स्वच्छ येते, ब्रँडेडपेक्षा शाई किंचित पसरते पण ते भिंग लावून बघितलं तरच दिसेल, साईटवर सिमेंटच्या हातानं प्लॅन उघडणाऱ्याला त्याचं काही नाही. रंगीत एलिव्हेशन (बिल्डिंगचं समोरून दिसणारं चित्र), फोटो, भरगच्च पोस्टर मात्र ह्याच्यावर काढायला जाऊ नका, शाई जास्त पडली की कागद पापडासारखा होतो आणि मग शाई सोडणारं हेड त्याला घासून जातं. त्याला कोटेड (शाई धरणारा थर दिलेला) इंकजेट रोलच पाहिजे, तिथं पैसे वाचवायच्या भानगडीत पडू नका. आणि कुणी म्हणालं की आर्ट पेपर घ्या, मस्त गुळगुळीत असतो, तर तो छापखान्यातल्या ऑफसेट मशीनसाठी असतो, आपली पाण्याची शाई त्याच्यावर नुसती तरंगत बसते, बोट लावलं की प्लॅन गेला.

आता भावाचं. रोल केवढ्याला हे विचारूच नका, मीटरला किती पडतो ते काढा. ऑनलाईन एकाच फोटोखाली एक जण ५० मीटर लिहितो, दुसरा १५० फूट लिहितो, आणि १५० फूट म्हणजे ४५.७२ मीटर, म्हणजे चार मीटरच्या वर कागद तिथंच गायब. त्यातून लिहिलेलं तरी आत असतं का, हे रोल उलगडून कोण मोजणार? पण वजनावरून कळतं की. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ३६ इंची रोल ९१४ मिलीमीटरचा, ५० मीटर लांब, झाले ४५.७ चौरस मीटर, गुणिले ८०, म्हणजे नुसता कागद ३ किलो ६५६ ग्रॅम भरला पाहिजे. २४ इंचीला २ किलो ४४०. एक रिकामी नळी वेगळी वजन करून ठेवा, ती वजा करा, झालं काम. शंभरेक ग्रॅम इकडंतिकडं झालं तर भांडू नका, कागद दमट-कोरडा असतो, जीएसएम पण थोडा वरखाली होतो. पण मी ऑनलाईन मागवलेला एक ३६ इंची "५० मीटर" रोल शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला तर नळीसकट तीन किलो पण भरेना! विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे स्टँडर्ड लेंथ आहे मॅडम. कुठलं स्टँडर्ड ते काय सांगितलं नाही.

पेठेत किलोवरच भाव असल्यामुळं ही भानगडच नाही, काटा तुमच्यासमोर असतो. फक्त पुठ्ठ्याची नळी कागदाच्या भावात तोलू देऊ नका. आपल्या जुन्या नळ्या घेऊन जा, त्याच्यावरच गुंडाळून देतात, म्हणजे तो खर्च वाचतो आणि आपल्या मशीनच्या २ इंची मापाची नळी आहे का ३ इंची हा घोळ पण होत नाही. ५० मीटरच्या वर गुंडाळायला सांगू नका, लहान मशीनमध्ये जाड रोल बसत नाही. मला ऑनलाईनच्या निम्म्याच्या थोडं वर पडतो, आकडा लिहीत नाही कारण कागदाचा भाव सारखा हलतो. त्यात सप्टेंबर २०२५ पासून छपाईच्या कागदावरचा जीएसटी १२ चा १८ झालाय, तेव्हा सांगितलेला भाव टॅक्स धरून आहे का ते आधी विचारा.

आता तक्रारी. एकदोन रोलसाठी ते रीळ कापत नाहीत, पाच-सहा एकदम सांगावे लागतात आणि "परवा या" म्हणाले की तो परवा कधी उजाडेल ते आपलं नशीब. कापलेल्या कडांना भुसा असतो, तो तसाच मशीनमध्ये गेला तर हेडची वाट लागते, म्हणून मी रोल उभा करून दोन्ही कडा सुक्या फडक्यानं पुसते, फडकं पांढरं होतं अक्षरशः. गुंडाळणी कधीकधी सैल असते, मग कागद एका बाजूला सरकतो आणि प्रिंट तिरकी. आणि शेवटचं टोक नळीला असल्या घट्ट टेपनं चिकटवतात की मशीन ओढून ओढून दमतं आणि एरर देतं, तेव्हा शेवटचा मीटरभर सोडूनच द्या, पोरांना चित्रं काढायला होतो.

ज्यांना रोल नको, सुटे मोठे शीट पाहिजेत त्यांना इथं रिमातून पण मिळतात, पण माप बघून घ्या. २३ बाय ३६ इंची स्वस्त पडतो, पटकन मिळतो, आणि नेमका ए१ ला (प्लॅनच्या मोठ्या शीटचं ठरलेलं माप) पुरत नाही, कारण २३ इंच म्हणजे ५८४ मिलीमीटर आणि ए१ ची रुंदी ५९४. एका सेंटीमीटरनं घोडं अडतं! २५ बाय ३६ मागा. शीट काटकोनात कापलेत का ते वरचे दोन एकमेकांवर उलटे ठेवून बघा, वाकडं शीट प्लॉटर घेत नाही, बाहेर फेकतो.

पावसाळ्यात माल घ्यायचा तर खाली फरशीवर ठेवलेला घेऊ नका. ह्या शेठनी २०१९ च्या महापुरानंतर चांगला कागद माडीवर न्यायला सुरुवात केली, तोच मागा, तिथून उतरवायला हमाल कुरकुरतो पण देतात. घरी आणल्यावर प्लॅस्टिक काढू नका.

पाचात चार देईन. कागदाला पाच, वेळेला तीन. उधारी नाही, बिल मागितलं तर पक्कं देतात. सकाळी लवकर जा, अकरानंतर पेठेत टेम्पोंची गर्दी असते आणि ३६ इंची रोल ॲक्टिव्हावर आडवा धरून त्यातनं निघणं काय सोपं नाही, मागं कुणालातरी बसवून न्या.