मेल आणि कॅलेंडर, ऑफिसात आणि खिशात: गूगल, आउटलुक, थंडरबर्ड की झोहो?

नागपुरात तारखांवर ज्यांचं काम चालतं अशी माणसं भरपूर आहेत. खंडपीठात आणि जिल्हा न्यायालयात रोज उभे राहणारे वकील, सीए आणि त्यांच्याकडची आर्टिकलशिपची मुलं, रामदासपेठेतले डॉक्टर, हिंगणा-बुटीबोरीचे लघुउद्योजक, मिहानमध्ये अमेरिकेतल्या क्लायंटसाठी राबणारी तरुण मंडळी. बहुतेकांकडे चित्र सारखंच दिसतं: ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आउटलुक, फोनवर जीमेल, आणि खऱ्या तारखा डायरीत किंवा भिंतीवर. सगळं एका जागी आणायचं ठरवलं की प्रश्न येतो, घ्यायचं काय?

माझं मत आधीच सांगतो. निवड मेल बघून करू नका, कॅलेंडर बघून करा. मेल आज कुठल्याही ॲपमध्ये नीट येतो. दोन तास उशिरा पाहिला तरी बहुतेक वेळा निभावतं. पण अपील दाखल करायची मुदत हुकली तर विलंब माफीचा अर्ज करत बसावं लागतं, रिटर्नची तारीख हुकली तर लेट फी भरावी लागते. आणि गडबड नेमकी कॅलेंडरमध्येच होते.

इतवारीतल्या एका व्यापाऱ्याची तक्रार अगदी नेमक्या शब्दांत होती: "भाऊ, मेल तर दोन्हीकडे येऊन राहिला, पण मीटिंग मोबाईलवर दिसूनच नाही राहिली." त्यांच्याकडे विंडोजवरचं जुनं, म्हणजे क्लासिक आउटलुक होतं आणि त्यात जीमेलचं खातं जोडलेलं होतं. ही जोडणी आयमॅप पद्धतीची असते. आयमॅप फक्त मेल आणतं, कॅलेंडरशी त्याला काही देणंघेणं नाही. त्यामुळे आउटलुकमध्ये टाकलेली मीटिंग ज्या कॅलेंडरमध्ये गेली, त्याच्या नावापुढे कंसात 'धिस कम्प्युटर ओन्ली' असं लिहिलेलं होतं. म्हणजे ती त्या मशीनच्या बाहेर कधी पडणारच नव्हती.

हीच खोच इतर ठिकाणीही आहे. थंडरबर्ड हे कॉम्प्युटरवरचं मेल ॲप नव्यानं टाकलं की 'होम' नावाचं कॅलेंडर तयार मिळतं, तेही त्या कॉम्प्युटरपुरतंच. काही अँड्रॉइड फोनमध्ये कंपनीचं स्वतःचं कॅलेंडर ॲप असतं, आणि नवी नोंद आपलं गूगल खातं सोडून 'माय कॅलेंडर' किंवा 'फोन' अशा नावाखाली साठते. फोन हरवला की तारखाही गेल्या. म्हणून कुठलंही ॲप घ्या, पहिल्या दिवशी एवढं बघा: नवी नोंद करताना खाली कुठल्या खात्याचं नाव दिसतंय? ते सर्व्हरवरच्या, म्हणजे इंटरनेटवर साठवण असलेल्या, खात्याचं असलंच पाहिजे. आयफोनवर यासाठी सेटिंग्जमध्ये 'डिफॉल्ट कॅलेंडर' निवडता येतं, ते एकदाच करून ठेवावं.

गूगल

ज्यांना एकच उत्तर हवं आहे त्यांच्यासाठी माझं उत्तर हेच. कारण जीमेल आणि गूगल कॅलेंडरमध्ये जवळपास सगळं सर्व्हरवर घडतं. तुम्ही फिल्टर लावला की बँकेचे मेल एका लेबलखाली जावेत, तर तो फिल्टर कॉम्प्युटर बंद असला तरी चालतो, आणि फोनवरही तीच मांडणी दिसते. सकाळी दहाला जाण्यासाठी रात्री लिहून ठेवलेला मेल ऑफिसची वीज गेली तरी दहालाच जातो. क्लासिक आउटलुकमध्ये जीमेल आयमॅपनं जोडून 'डिले डिलिव्हरी' लावली, तर त्या वेळी आउटलुक उघडं असावं लागतं, नाहीतर मेल आउटबॉक्समध्येच पडून राहतो. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली आणि इन्व्हर्टरवर फक्त पंखे चालू राहिले, तर हा फरक चांगलाच जाणवतो.

वकिलांच्या ऑफिससाठी गूगल कॅलेंडरचं शेअरिंग फार कामाचं आहे. 'कोर्ट' नावाचं वेगळं कॅलेंडर करा आणि ते ज्युनियर व क्लार्कबरोबर, नोंदी बदलण्याच्या परवानगीसह, शेअर करा. कोर्टात पुढची तारीख पडली की क्लार्कनं तिथूनच फोनवर टाकायची. सिव्हिल लाइन्समधून बाहेर पडायच्या आत ती ऑफिसच्या स्क्रीनवर असते. नेटवर्क नसलं तरी फोनवर नोंद करता येते, रेंज आली की ती वर जाते. नोंदीच्या वर्णनात खटल्याचा १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून ठेवला, तर तो कॉपी करून ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तारीख पडताळता येते. एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: शेअर केलेल्या कॅलेंडरची आठवण ज्याची त्यानं लावायची असते. क्लार्कच्या फोनवर आदल्या संध्याकाळी घंटी वाजते म्हणून ती साहेबांच्या फोनवरही वाजेल, असं होत नाही. प्रत्येकानं आपल्या सेटिंग्जमध्ये त्या कॅलेंडरला स्वतःची सूचना लावावी.

सीएंच्या ऑफिसातही हीच रीत चालते. ७ तारखेला टीडीएस, ११ला जीएसटीचं जीएसटीआर-१ रिटर्न, २०ला जीएसटीआर-३बी, अशा दर महिन्याच्या नोंदी एकदाच टाका. तिमाही भरणाऱ्यांची ३बी महाराष्ट्रात २२ तारखेला असते, तिची वेगळी नोंद हवी. मार्चच्या टीडीएसला ३० एप्रिलपर्यंत मुदत असते, म्हणून एप्रिलमधली ती एक नोंद हातानं सरकवावी लागते. मुदतवाढ जाहीर झाली की एकानंच ती तारीख बदलायची, बाकी सगळ्यांना आपोआप बदललेली दिसते. हे काम कोणाचं, हे ऑफिसात ठरवून ठेवलेलं बरं.

आता गूगलच्या अडचणी. पहिली जागेची. फुकट मिळणारे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत वाटलेले असतात, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. घरच्या लग्नाच्या व्हिडिओंनी जागा भरली तर क्लायंटचे मेल तुमच्यापर्यंत पोचणं बंद होतं, ते पाठवणाऱ्याकडे परत जातात. धंद्याचं खातं आणि घरच्या फोटोंचं खातं वेगळं ठेवा, हे मी कळकळीनं सांगतो. दुसरी अडचण अनोळखी आमंत्रणांची: लॉटरी-बक्षिसाच्या मीटिंगा थेट कॅलेंडरात येऊन बसतात. कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये 'ओळखीच्या माणसानं पाठवलं तरच आमंत्रण घाला' हा पर्याय निवडला की हे थांबतं. तिसरी, विंडोजवर गूगलचा स्वतंत्र प्रोग्रॅम नाही, सगळं ब्राउझरमध्ये. ऑफलाइन जीमेल क्रोममध्ये चालू करता येतं, पण कॉम्प्युटरवर कॅलेंडर ऑफलाइन फक्त बघता येतं, बदलता येत नाही. आणि आयफोनच्या स्वतःच्या मेल ॲपमध्ये फुकटचं जीमेल जोडलं तर मेल आल्याक्षणी दिसत नाही, ठरावीक वेळानं ओढला जातो. लगेच हवा असेल तर तिथे जीमेलचंच ॲप ठेवा.

आउटलुक

इथे आधी कुठलं आउटलुक ते विचारावं लागतं. विंडोजबरोबर येणारे साधे मेल आणि कॅलेंडर ॲप मायक्रोसॉफ्टनं ३१ डिसेंबर २०२४ला बंद केले आणि लोकांना नव्या आउटलुककडे वळवलं. क्लासिक आउटलुक वेगळं, नवं आउटलुक वेगळं, फोनवरचं आणखी वेगळं.

फोनवरचं आउटलुक मला मनापासून आवडतं. मेल आणि कॅलेंडर एकाच ॲपमध्ये, खाली एक टॅब दाबला की आठवडा समोर. त्यात जीमेलचं खातं जोडलं तर गूगल कॅलेंडरही येतं. नव्या विंडोज आउटलुकमध्येही गूगलचं कॅलेंडर येतं. म्हणजे इतवारीच्या त्या व्यापाऱ्याची अडचण नव्या आउटलुकनं सुटली असती.

मग सगळ्यांनी नवंच का घेऊ नये? कारण नवं आउटलुक जीमेलसारख्या बाहेरच्या खात्यांचे मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधून नेतं. म्हणजे तुमच्या पक्षकाराचा पत्रव्यवहार गूगलकडे असतोच, शिवाय मायक्रोसॉफ्टकडेही त्याची प्रत जाते. घरगुती वापराला हे चालेल, वकील किंवा डॉक्टरांनी मात्र विचार करून ठरवावं. शिवाय क्लासिकमधले जुने कॉम ॲड-इन, म्हणजे आउटलुकला जोडलेले इतर सॉफ्टवेअरचे पूरक भाग, नव्यात चालत नाहीत. तुमचं एखादं सॉफ्टवेअर आउटलुकमधून थेट बिल पाठवत असेल तर आधी विचारून घ्या. क्लासिकला किमान २०२९पर्यंत आधार देऊ असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलंय, तेव्हा घाई नाही.

आउटलुकची खरी ताकद कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट ३६५ खात्याबरोबर दिसते. तिथे मेल, कॅलेंडर, नियम सगळं सर्व्हरवर असतं आणि सहकाऱ्याचा मोकळा वेळ बघून मीटिंग लावता येते. मिहानमधल्या कंपनीनं ते दिलं असेल तर दुसरीकडे जाण्यात काही हशील नाही. त्या मंडळींसाठी एक बारीक गोष्ट: अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात. न्यूयॉर्कची सकाळी ९ची मीटिंग आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ६:३०ला आणि हिवाळ्यात ७:३०ला येते. मीटिंग तुम्ही लावत असाल तर ती त्यांच्या टाइम झोनमध्ये लावा, कॅलेंडर पुढचं बघून घेतं. भारतीय वेळेत कायमची लावून ठेवली तर नोव्हेंबरात त्यांच्याकडे ती सकाळी ८ला जाऊन बसेल.

थंडरबर्ड

पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, आणि मेल तुमच्या मशीनवर राहतो. चार-पाच खाती एकत्र सांभाळणाऱ्याला कॉम्प्युटरवर यासारखं साधन नाही. कॅलेंडर २०२० पासून त्यातच अंगभूत आहे, आणि गूगलचं कॅलेंडर त्यात नीट जोडलं तर दोन्ही बाजूंनी बदल होतात.

अडचण फोनवर आहे. थंडरबर्डचं अँड्रॉइड ॲप ऑक्टोबर २०२४मध्ये आलं. जुन्या के-९ मेलवर ते उभं आहे, चांगलं चालतं, पण त्यात कॅलेंडर नाही. म्हणजे फोनवर तारखांसाठी गूगलचं कॅलेंडर ठेवावंच लागणार. आणि थंडरबर्डचे फिल्टर ते उघडं असेल तेव्हाच चालतात, रविवारी ऑफिस बंद असताना फोनवर सगळा पसारा तसाच दिसतो. यावर तोडगा आहे: फिल्टर जीमेलच्या वेबसाइटवर लावा आणि थंडरबर्ड फक्त वाचायला-लिहायला ठेवा. ज्यांना मेलची प्रत स्वतःच्या हाती हवी त्यांना मी ही जोडी आवर्जून सुचवतो. जीमेलच्या एका मेलला दोन लेबलं असतील तर थंडरबर्डमध्ये तो दोन फोल्डरांत दिसतो, गोंधळू नका, मेल एकच आहे.

झोहो आणि आयक्लाउड

झोहो चेन्नईची कंपनी आहे. स्वतःच्या डोमेनवरचा, म्हणजे ऑफिसच्याच नावाच्या पत्त्याचा, मेल हवा असणाऱ्या लहान ऑफिसला ती परवडते, मेल आणि कॅलेंडर दोन्ही देते. फुकटच्या योजनेत मात्र आयमॅप नसतं, म्हणजे ते आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये जोडता येत नाही. झोहोच्याच वेबसाइटवर आणि ॲपवर काम करायची तयारी असेल तर घ्या. आयक्लाउड फक्त तेव्हाच, जेव्हा फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही ॲपलचे आहेत. फुकट जागा ५ जीबीच.

बदल करताना

जुन्या ऑफिसांत अजून एक गोष्ट तपासावीच लागते. आउटलुकच्या अकाउंट सेटिंगमध्ये खात्यापुढे 'पॉप' लिहिलंय का? पॉपमध्ये मेल मशीनवर उतरतो आणि तिथेच राहतो. फोनवर वाचलेला मेल ऑफिसात न वाचलेलाच दिसतो, कॉम्प्युटरवरून दिलेलं उत्तर फोनवर दिसत नाही. कुठलंही ॲप बदललं तरी हे सुटत नाही, आधी आयमॅपवर यावं लागतं. फार जुनं आउटलुक असेल तर ते पासवर्डच नाकारेल, कारण नुसत्या पासवर्डनं आत येणं गूगलनं ३० मे २०२२ पासून आणि मायक्रोसॉफ्टनं आपल्या वैयक्तिक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून थांबवलं. जीमेलला तिथे टू-स्टेप (दोन टप्प्यांची ओळख पडताळणी) चालू करून ॲप पासवर्ड, म्हणजे फक्त त्या ॲपसाठीचा वेगळा पासवर्ड, घेता येतो.

आणि जुनं पॉप खातं काढण्याआधी आउटलुक पूर्ण बंद करा, पीएसटी फाइल (आउटलुक मशीनवर मेल जिच्यात साठवतं ती) शोधा आणि तिची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. आउटलुक चालू असताना ती फाइल कॉपी होत नाही. कॉपी झाली की ती डिस्कवरून उघडून एखादा पाच वर्षांपूर्वीचा मेल अटॅचमेंटसकट दिसतोय का ते पाहा, आणि मगच खात्याला हात लावा.