पाच वर्षांचं मूल आणि एक टॅब: खान अकॅडमी किड्स की स्क्रॅचज्युनिअर?

मुलासाठी टॅबवर काहीतरी बरं टाकायचं ठरवलं की ही दोन नावं हमखास पुढे येतात. दोन्ही अ‍ॅप फुकट आहेत, जाहिराती नाहीत, पुढचा खेळ उघडायला पैसे लागत नाहीत. एवढ्यानेच ती बाजारातल्या बहुतेक ‘फ्री’ खेळांपेक्षा सरस ठरतात. पण एकात मूल उत्तरं देतं आणि दुसऱ्यात स्वतः काही रचतं. निवड करायची ती यावरून.

खान अकॅडमी किड्स २०१८ साली आलं, २ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी. कोडी नावाचं अस्वल आणि त्याचे मित्र अक्षरं गिरवून घेतात, मोजायला लावतात, गोष्टी वाचून दाखवतात. मुलाला जमेल तसे खेळ सोपे-अवघड होतात आणि अधूनमधून बक्षीस मिळतं. काम नेटकं आहे. मात्र सूचना इंग्रजीत. घरात मराठीच बोलली जात असेल तर सुरुवातीला कोणीतरी शेजारी बसायलाच हवं, नाहीतर मूल अंदाजाने बोटं टेकवत राहतं.

स्क्रॅचज्युनिअर २०१४ चं, टफ्ट्स विद्यापीठ आणि एमआयटी मीडिया लॅब यांनी मिळून घडवलेलं, ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी. यात सूचनांचे ठोकळे एकमेकांना जोडून पडद्यावरची पात्रं हलवायची असतात. हे ठोकळे चित्रांचे असतात, त्यामुळे अक्षरओळख नसली तरी अडत नाही. बाण जोडला की मांजर चालतं, दुसरा जोडला की उडी मारतं. शिवाय स्वतः चित्र काढता येतं आणि स्वतःचा आवाज भरता येतो.

हा आवाजच मला सगळ्यात मोलाचा वाटतो. चिऊकाऊची गोष्टच घ्या. मुलीने कावळा काढला, घर काढलं, ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’ असं आपल्या आवाजात भरलं. चालवलं तर चिऊ आणि काऊ एकदमच बोलायला लागले! आता चिऊला थांबवायचं कसं? मग थांबण्याचा ठोकळा शोधायचा, किंवा कावळ्याचं बोलून झालं की पाकिटाचं चित्र असलेल्या ठोकळ्याने चिऊला ‘आता तू’ असा निरोप पाठवायचा. कशानंतर काय येतं याचा एवढा विचार पाच वर्षांचं मूल आपण होऊन करतं, तेही मराठीत. एका प्रकल्पात चार पानं मिळतात. पाऊस, वाहून गेलेलं शेणाचं घर, बंद दार, सगळं मावतं.

म्हणून पाच पूर्ण झाली असतील तर मी स्क्रॅचज्युनिअर निवडेन. तीन-चार वर्षांच्या मुलाला मात्र ठोकळे जोडणं जड जातं, त्याला खानच बरं. घरात फक्त फोन असेल तरी खानच, कारण स्क्रॅचज्युनिअर मुळात टॅबसाठी बनवलेलं आहे.

वेळेचंही बघा. जागतिक आरोग्य संघटना २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त १ तास सांगते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०२१ चा सल्लाही २ ते ५ वर्षांसाठी तेवढाच आहे. खानमध्ये एक खेळ संपला की दुसरा तयारच असतो, त्यामुळे थांबवायचं काम आपल्याकडे येतं. स्क्रॅचज्युनिअरमध्ये गोष्ट पुरी झाली की मूल ती दाखवायला आजीकडे धावतं. टॅब हातातून घ्यायला हीच वेळ चांगली.