ग्रॅव्हल सायकलसाठी पाल की पाटणादेवी?

खानदेशात ग्रॅव्हल सायकल (खडी-मातीच्या कच्च्या रस्त्यांसाठीची, रुंद टायरची सायकल) चालवायची झाल्यास रावेरहून सातपुड्यातील पालकडे जाणारी वाट आणि चाळीसगावहून सातमाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या पाटणादेवीकडे जाणारी वाट, हे दोन पर्याय विचारात घेण्याजोगे आहेत. पहिल्या वाटेचा आरंभ केळीच्या बागांमधून होतो. तिथल्या शिवाररस्त्यांवर तापीखोऱ्यातील काळी माती असल्याने, जी माती हिवाळ्यात घट्ट व वेगवान असते, तीच पावसात चाकाला आणि मडगार्डला अशी चिकटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पुढे यावल अभयारण्याच्या परिसरात चढ, सावली आणि एकांत मिळतो. दम असणाऱ्याने हीच वाट निवडावी.

पाटणादेवीचा प्रवास तुलनेने सोपा आहे. गौताळा-औट्रम घाट अभयारण्यालगतच्या या भागात चंडिकादेवीचे प्राचीन मंदिर आहे आणि गणितज्ञ भास्कराचार्यांच्या परंपरेशी निगडित शिलालेखामुळे इथले पाटण प्रसिद्ध आहे.

दोन्हीकडे बाभळीच्या काट्यांसाठी ४० मिमी किंवा अधिक रुंदीचे ट्यूबलेस टायर सोयीचे पडतात. अभयारण्याच्या हद्दीत शिरण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी. नवख्याने पाटणादेवीपासून सुरुवात करावी. माझी पसंती मात्र, पावसाळा वगळता, पालला आहे.