बटणांचा प्लेअर की टचस्क्रीनवाला?

नुसती गाणी ऐकायची असतील तर कुठलाही प्लेअर चालतो. खरी परीक्षा ऑडिओबुकची. गाणं अर्ध्यात तुटलं तर पुन्हा लावता येतं. पण १० तासांच्या पुस्तकातले सहा तास ऐकून झाल्यावर प्लेअर जागा विसरला, की बटण दाबून दाबून बोट दुखतं. माझ्या जुन्या बटणवाल्याने हे दोनदा केलं. म्हणून घेण्याआधी एवढं तपासाच: मध्ये चार गाणी ऐकून परत आलं, तर पुस्तक सोडलं तिथूनच सुरू होतं का?

अँड्रॉइडच्या टचस्क्रीन प्लेअरवर हा प्रश्न मिटतो. ऑडिओबुकचं चांगलं अ‍ॅप टाकलं की प्रत्येक पुस्तकाची जागा वेगळी लक्षात राहते, एम४बी (ऑडिओबुकसाठीचा फाइलप्रकार) फाइलमधली प्रकरणं दिसतात, रटाळ निवेदकाला १.२५ पट पळवता येतं. बदल्यात बॅटरी लवकर उतरते. शिवाय स्क्रीन न बघता खिशातल्या खिशात मागे-पुढे करणं जमत नाही. बटणवाला इथे बाजी मारतो. भांडी घासताना ओल्या बोटानेही तो ऐकतो.

मेमरीतल्या जागेची चिंता फारशी नको. ६४ केबीपीएसचं (सेकंदाला ६४ किलोबिट) १० तासांचं पुस्तक २९० एमबीच्या आत बसतं. फ्लॅकवाल्यांनी, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवता साठवलेली गाणी ऐकणाऱ्यांनी, मात्र मेमरी कार्डाचा स्लॉट आहे ना ते बघावं, एकेक गाणं सहज २५-३० एमबी खातं.

मी रात्री अंधारात, डोळे मिटून ऐकतो. त्यामुळे पुन्हा बटणवालाच घेतला, फक्त या वेळी जागा लक्षात ठेवणारा.